दोन तोंडांची खुर्ची

१

या गावात मला कोणी फुकट चहा पाजत नाही, आणि ते तसंच असायला हवं. सत्तावन्न साली माझ्यावर अब्रुनुकसानीच्या दोन फिर्यादी चालू होत्या. नंदुरबारातले अर्धे व्यापारी मला बघून दुकानाच्या आतल्या बाजूला जात, उरलेले अर्धे माझं साप्ताहिक विकत घेऊन पहिल्या अर्ध्यांविषयी वाचत.

अंक शुक्रवारी निघे. त्याआधी अग्रलेख मी बायकोला वाचून दाखवी. प्रमिला मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. पोळ्या लाटताना ती ऐके, आणि मी एखाद्या वाक्यावर चढलो की लाटणं थांबवून म्हणे, "नाही."

"काय नाही?"

"साक्षीदार कुठे आहे? हे ऐकीव आहे. काढा."

मी ओरडायचो. ती आणखी एकदा "नाही" म्हणायची, आवाज न चढवता, आणि पोळी तव्यावर टाकायची. शेवटी मी वाक्य काढायचो. वाचक माझ्या लेखणीला धार आहे म्हणत. ती धार जे खोडलं जायचं त्याची होती, हे आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. त्या 'नाही'वाचून मी तुरुंगात असतो. आणि खरं सांगायचं तर त्या 'नाही'साठीच मी संध्याकाळी घरी यायचो.

त्या हिवाळ्यात चंपालाल नावाचा मिरचीचा व्यापारी आपली एक वखार रिकामी करून सुरतेला निघाला होता. त्याने साखर दडवली आहे अशी मला कुणकुण होती, म्हणून मी न बोलावता गेलो. वखारीत मिरचीचा खकाणा असा भरला होता की श्वास घेतला तरी डोळ्यांतून पाणी. साखर नव्हती. चंपालाल दारात उभा राहून मजा बघत होता.

"झाली झडती, संपादकसाहेब? साखर नाही मिळाली तर मिरचीवरच लिहा. तिखट तर तुम्ही लिहिताच."

"बारदानाखाली काय आहे?"

"लाकूड आहे. लाकडावर पण अग्रलेख लिहिणार?"

मी बारदान ओढलं. खाली खुर्ची होती, पण तशी मी कुठेच पाहिली नव्हती. काळ्या शिसवी लाकडाच्या दोन बैठका एकाच चौकटीत जोडलेल्या, इंग्रजी एस अक्षरासारख्या. एकीचं तोंड पूर्वेला तर दुसरीचं पश्चिमेला. दोघं बसले तर खांद्याला खांदा लागावा, पण प्रत्येकाची नजर वेगळ्या भिंतीवर. मधला हात दोघांत एकच, त्यावर दोन पोपट एकाच कैरीला चोच लावून बसलेले. कोरीव काम इतकं बारीक की पोपटांची नखंही मोजून घ्यावीत.

"साहेबलोकांकडे यावर नवराबायको बसायचे म्हणे," चंपालाल म्हणाला. "आमच्या दादाजींनी एका गोऱ्या इंजिनियरच्या बंगल्यात बघितली आणि सुरतेचा सुतार आणून करवून घेतली. आजी लवकर गेली होती. दादाजींना बोलायला माणूस लागायचं, तर मोठी काकी ऐकायला बसायची. यांचं तोंड इकडे, तिचं तिकडे. लाज पण राहिली, सोबत पण झाली."

"आणि ती काय बोलायची?"

"ससऱ्याशी बहू बोलते काय?" तो हसला. मागच्या दाराशी त्याची बायको रूपकंवर उभी होती. मला बघून तिने घुंगट छातीपर्यंत ओढला होता. चंपालालने मान न वळवताच विचारलं, "सुनती हो? ही खुर्ची यांना देऊन टाकू?"

घुंगटातून आवाज आला. टाळूला जीभ लावून सोडल्याचा, छोटा, कोरडा. टच्.

"झालं. हो म्हणाली."

"आणि नाही कसं म्हणतात?"

चंपालाल खरोखरच गोंधळला. "नाही कशाला म्हणायचं?"

घुंगटाविरुद्धचा अर्धा लेख माझ्या डोक्यात तिथेच तयार झाला. खुर्चीही हवीच होती. मी कोणाकडून काही फुकट घेत नाही, त्यामुळे रोख पैसे देऊन ती उचलली.

२

बैलगाडीतून खुर्ची उतरली तेव्हा भांडी घासणारी दगूबाई ओट्यावर होती. कमरेवर हात ठेवून तिने खुर्चीला एक फेरी मारली.

"माय वो! हाई काय लयनात भाऊ? दोन तोंडनी खुर्ची?"

"दोघांना बसायला आहे."

"दोन जन बठतीन आनि येकमेकनं तोंड बी नही दखतीन? नवराबायकोनं भांडन व्हयनं म्हणजे कामनी शे मंग."

"म्हणजे आमच्याकडे रोज लागेल," प्रमिला आतून हसत आली.

मिरचीची पूड नक्षीच्या खाचांत बसली होती. ती काढताना आम्ही तिघं शिंकून बेजार झालो. मग जवसाचं तेल लावलं आणि लाकूड आतून उजळल्यासारखं वर आलं. पायांना वाघाचे पंजे होते. वेताची वीण दोन्हीकडे शाबूत होती, फक्त एक बैठक जास्त बसकी झालेली, बरीच वर्षं कोणी न हलता बसावं तशी. ती त्या सुनेची, मोठ्या काकीची असणार. मी दादाजींची बाजू घेतली. ती रस्त्याकडच्या खिडकीला ठेवली. प्रमिलाच्या वाट्याला आतला दरवाजा आला.

ते दोन महिने आमच्या संसारातले सगळ्यात सुखाचे असतील. शाळेतून आली की ती चहा घेऊन बसायची, मी कागद घेऊन. मधल्या हातावर तिची बशी, माझी दौत. तिचा आवाज खांद्यामागून, कानाच्या अगदी जवळून यायचा.

"तुमचं तोंड दिसत नाही हे फार बरं आहे," ती म्हणाली. "चिडलात की मिशी हलते आणि मला हसू येतं. मग खोडायचं राहून जातं."

"आता हसू येत नाही?"

"आता नुसता आवाज येतो. आवाजात खोटं लगेच कळतं."

त्या आठवड्यांत तिने माझे लेख असे सोलून काढले की धुळ्याच्या एका वकिलाने मला अभिनंदनाचा निरोप धाडला. खुर्चीची रचना अशी होती की जरा मान वळवली तर शेजारच्याचा चेहरा वीतभर अंतरावर यावा. साहेबांनी ती त्याचसाठी बनवली असणार. पण आम्ही मान वळवत नव्हतो. कोणी ठरवलं नव्हतं, तशी सवय आपोआप लागली.

३

जानेवारीत तोरणमाळच्या घाटरस्त्याचं प्रकरण माझ्या हाती आलं. ठेकेदार मजुरांचे अंगठे कोऱ्या कागदावर घेत होता. मला हे दलसिंग नावाच्या पावरा आदिवासी मजुराने सांगितलं होतं. तो बायकापोरांसह ठेकेदाराच्याच खोपटात राहत होता.

त्या दुपारी मी लेख पुरा केला आणि खुर्चीत बसलो. मागे वेत करकरला. प्रमिला लवकर आली असं समजून मी थेट वाचायला सुरुवात केली. ती मधे काहीच बोलली नाही. मला ते आवडलं. लेख जमला की ती अशीच गप्प होई.

"साक्षीदार आहे या वेळी," मी म्हणालो. "दलसिंगचं नाव घालतो. छापू ना?"

टच्.

मला हसूच आलं. "वा, रूपकंवरबाई! आता घुंगट पण घ्या." तेवढ्यात छापखान्यातून बोलावणं आलं आणि मी कागद घेऊन तसाच उठलो.

शुक्रवारी प्रमिला हातात अंक घेऊन घरी आली. चपलाही काढल्या नव्हत्या.

"हे मला का नाही दाखवलंत?"

"दाखवलं की. काल दुपारी. तू टच् अशी टिचकारी दिलीस."

"काल दुपारी शाळेत चाचणी परीक्षा होती. मी दिवेलागणीला घरी आले."

"प्रमिला, तू माझ्या मागे बसली होतीस."

"त्याचं नाव छापलंत तुम्ही," ती म्हणाली. माझं बोलणं तिने ऐकलंच नव्हतं. "त्याची पोरं त्या माणसाच्या छपराखाली झोपतात."

पुढच्या आठवड्यापर्यंत दलसिंगचं खोपट रिकामं झालं होतं. कुठे गेला ते कोणाला सांगता येईना. त्या ठेकेदाराला मी पुढच्या अंकात उभा चिरला, त्याचं मला आजही समाधान आहे. पण त्या अंकाचा अग्रलेख ऐकताना प्रमिला स्वयंपाकघरातच उभी राहिली. खुर्चीत आली नाही.

४

तो आवाज पालीचा होता, असं मी ठरवलं. बोलता बोलता पाल चुकचुकली की आपल्याकडे लोक बोट आपटून 'सत्य आहे' म्हणतात. या प्रकारावर मी पूर्वी सडकून लिहिलं आहे. भिंतीवरच्या तसबिरी उतरवल्या. हिंदुस्थानच्या नकाशामागे एक जाडजूड पाल होती. तिला केरसुणीने अंगणात घालवली.

"जाऊ द्या ना भाऊ," दगूबाई म्हणाली, "गरीब शे ती. कोनलेबी काई करत नही."

दुसऱ्या दिवशी टच् आलं. मग मी म्हटलं वेत. तेल प्यायलेला वेत उन्हाने आकसतो, तडतडतो. यात न समजण्यासारखं काही नाही. तरी खात्री करावी म्हणून घरात कोणी नसताना खुर्चीत बसलो आणि समोरच्या खिडकीकडे बघत मोठ्याने विचारलं,

"आज बुधवार?"

टच्.

"आज गुरुवार?"

टच्.

"चंपालाल धर्मात्मा आहे?"

टच्.

माझ्या मनावरचं ओझं उतरलं. जे सगळ्यालाच हो म्हणतं त्याला अक्कल नाही, आणि ज्याला अक्कल नाही ते लाकूडच. मी मोठ्याने हसलो. मागे कोणी हसलं नाही. आणि मग, घडलं तसं सांगतो, मी खिशातून नवा लेख काढला आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. जाहीर सभांतून मी बोललो आहे. समोर माणसं ऐकत आहेत की नुसत्या खुर्च्या मांडल्या आहेत, ते बोलणाऱ्याला कळतं. पाठीलाही कळतं, हे मला तेव्हा समजलं. माझं असं ऐकलं गेलं नव्हतं कधी. एक शब्दही वाया जात नव्हता.

मार्चमध्ये एका सकाळी दगूबाई फडकं घेऊन खोलीत उभी होती. तिने माझी बाजू पुसली होती, दुसरी नाही.

"ती पण पूस की."

"तठे कसं पुसू भाऊ?" ती हळू आवाजात म्हणाली. "बाई बठेल शेतस ना."

प्रमिला मघाशीच शाळेत गेली होती. मी तिला ओट्यावरून जाताना पाहिलं होतं.

"बाई शाळेत गेल्या, दगूबाई."

तिने खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. फडकं हातात पिळत राहिली. "मंग ती कोन? डोकावर पदर लिसनी..." आणि एकदम हसली. "जाऊ द्या. मन्हा डोयासले ऊन लागनं व्हई."

त्या दिवसापासून ती उंबऱ्यापर्यंतच केर काढू लागली.

५

उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि प्रमिला दिवसभर घरी राहू लागली. ती पुन्हा खुर्चीत बसायला लागली होती. मी वाचायचो, ती ऐकायची. दहाएक दिवसांनी माझ्या लक्षात आलं की आठवड्याभरात तिने माझा एकही शब्द खोडला नाही. एखाद्या वाक्यावर मी मुद्दाम थांबायचो. वेत करकरायचा. ती श्वास घ्यायची, बोलण्याआधी घेतात तसा. आणि मग टच्.

"हे तू करतेस ना?"

"काय?"

"टिचकारी."

ती उठून माझ्या समोर आली. मला बरं वाटलं, कारण तिचा चेहरा मी किती दिवसांत असा समोरून बघितला नव्हता. डोक्यावर पदर होता. आमच्या लग्नातही ती पदर न घेता उभी राहिली होती आणि माझ्या मावशीने त्यावरून जेवण टाकलं होतं.

"ऊन लागतं," माझी नजर बघून ती म्हणाली. घरात.

"प्रमिला."

"ती खुर्ची परत द्या. आज द्या."

"का?"

"तिथे बसलं की 'नाही' तोंडाशी येतं, आणि माझ्याआधी कोणीतरी उत्तर दिलेलं असतं."

"कोण?"

"मला कसं दिसणार? इतकं जवळ आहे ते."

खोलीत दुपारचा उकाडा होता, तरी माझ्या मानेवर काटा आला. त्याचा मला संताप आला. "तू भूगोल शिकवतेस," मी म्हणालो.

"भूगोलात हे नाही."

"ज्या खुर्चीवरून मी घुंगटाला चार कॉलम झोडपलं तीच घाबरून परत द्यायची? चंपालाल सुरतेत बसून टाळ्या वाजवील. पुढच्या आठवड्यात गिऱ्हाईक बघतो. विकू."

"नाही. आज."

"पुढच्या आठवड्यात म्हटलं ना? बरोबर?"

तिने तोंड उघडलं. तिच्या डोळ्यांत मला स्पष्ट राग दिसत होता, ते डोळे 'नाही'च म्हणत होते.

टच्.

तिने दोन्ही हातांनी तोंड घट्ट दाबलं. हात तसेच होते तेव्हा पुन्हा एकदा आवाज आला, टच्, आणि या वेळी तिचे गालही हलले नाहीत.

६

दुसऱ्या दिवशी, चंपालालचं कोणी मागे राहिलं आहे का ते बघायला, मी त्याच्या वखारीवर गेलो. तिथे आता कोणी दुसराच सरकी भरत होता. चंपालाल सहकुटुंब गेला होता. मी गाडीवाल्या मगनला गाठलं आणि संध्याकाळी गाडी घेऊन यायला सांगितलं. खुर्ची कुठे न्यायची ते ठरलं नव्हतं. घरातून निघाली म्हणजे झालं.

घरी आलो तेव्हा भर दुपार. गल्लीत कुत्रंही नव्हतं. दगूबाई ओट्यावर आपलं लुगडं सावरत बसली होती.

"मी उद्यापासून येत नही भाऊ."

"का?"

"तुम्हना घरमा दोन बाया शेतस. मी येकनाच भांडा घासस." ती विनोद करत नव्हती. "बाईसले हाक मारी मारी थकनू. टच् करीसनी ओ देतीस, पन बोलतीस नही. तोंडवर पदर. मी दखाले गऊ तं..." तिने डोकं हलवलं. "मी काई दखं नही. जास."

ती गेली. उन्हात तिची सावली पायाशीच होती.

मी दार लोटलं. ऊन आत येऊ नये म्हणून खिडक्या बंद होत्या, त्यामुळे खोलीत काळपट उजेड होता. प्रमिला तिच्या बैठकीवर बसली होती. पदर कपाळावरून, नाकावरून, हनुवटीखाली उतरला होता. तपकिरी काठाचं तिचंच लुगडं. हात मांडीवर. मी आत आलो तरी ती हलली नाही.

"प्रमिला, मगन येतोय. खुर्ची जाते आहे."

टच्.

"तू आत जाऊन पड जरा."

टच्. पण ती उठली नाही.

७

मी घाबरलो होतो, आणि घाबरलो की मला राग येतो. टेबलापाशी उभ्या उभ्या मी एक लेख लिहिला. आयुष्यात तसला मजकूर लिहिला नव्हता. मुलींची शाळा बंद करावी, असं त्यात होतं. मुलींना अक्षर शिकवून घरं मोडतात, बायकांनी पगार घेणं ही निर्लज्जता आहे, आणि पहिलं पाऊल म्हणून भूगोलाच्या बाईंनी राजीनामा द्यावा. ती शाळा उभी राहावी म्हणून प्रमिला दारोदार फिरली होती, गावाने तिच्या पाठीमागे काय काय म्हटलं ते तिने ऐकून घेतलं होतं. यातल्या एका वाक्यावर तरी ती उसळेल. उसळायलाच हवी.

मी माझ्या बाजूला बसलो, खिडकीकडे तोंड करून, आणि वाचलं. प्रत्येक वाक्यानंतर थांबलो. मागे वेत करकरत होता, कोणी अंग चोरून बसावं तसा.

"छापू?"

टच्.

"तुझा राजीनामा मीच लिहून देऊ?"

टच्.

"प्रमिला, हे खोटं आहे. मी मुद्दाम लिहिलंय. तू नाही म्हणावंस म्हणून."

टच्.

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मी मान वळवली.

खुर्चीच्या सुताराने काम चोख केलं होतं. तिचं डोकं वीतभर अंतरावर आलं. पदराचं सूत मला धाग्यानिशी दिसत होतं. ती श्वास घेत होती आणि प्रत्येक श्वासाबरोबर कापड तोंडापाशी आत ओढलं जात होतं, एक छोटा खळगा पडत होता, मग भरून येत होता. ते मी बघत राहिलो. जिवंत आहे, श्वास घेते आहे, असं स्वतःला सांगत राहिलो. आणि मग मला दुसरा खळगा दिसला.

पहिल्याच्या जरा खाली, गळ्याच्या बाजूला. तोही आत जात होता आणि भरून येत होता. पण त्याच वेळी नाही. एक श्वास घेत असताना दुसरा सोडत होता. एकाच पदराखाली.

माझा हात पदराच्या काठावर होता. तो कधी गेला ते मला आठवत नाही. दोन बोटं वर उचलला असेल. हनुवटी दिसली, प्रमिलाची, तिच्यावरचा तीळ. तिला लागून, कोणी आईच्या कुशीत तोंड खुपसावं तशी दुसरी एक हनुवटी होती. लहान, पिवळट, सुरकुतलेली. तिचे ओठ किंचित उघडे होते आणि आत जीभ टाळूला लागून तयार होती.

मी पदर सोडला. प्रमिलाचे दोन्ही खांदे धरून ओढलं. इतकं वजन लागलं की मी गुडघ्यावर आलो.

"नाही म्हण!" मी ओरडत होतो. "प्रमिला, नाही म्हण! मी सांगतो, नाही म्हण!"

ती एकदम सुटली. आम्ही दोघं जमिनीवर आदळलो. पदर खांद्यावर घसरला होता आणि तिचा चेहरा माझ्यासमोर होता, घामाने भिजलेला, एकटा. माझ्याकडे बघत, अगदी स्वच्छ, तिच्याच आवाजात ती म्हणाली,

"नाही."

मला रडू कोसळलं. माझ्या वयाच्या माणसाने त्याची लाज बाळगू नये.

मगनने खुर्ची गाडीत घातली. दोराने बांधताना तो म्हणाला, "भाऊ, येकच खुर्ची शे ना? जड भलती लागी ऱ्हायनी." मी त्याला म्हटलं, कुठे टाकलीस ते मला सांगू नकोस. त्याने सांगितलं नाही.

८

त्याला आता महिना झाला. शाळा उघडली. प्रमिला रोज जाते, डोक्यावर पदर नसतो. पोळ्या करते. दगूबाई अजून आलेली नाही, पण दुसरी बाई मिळेल. त्या दिवशी मी काय पाहिलं याचा मी शांतपणे विचार केला आहे. अंधारी खोली, ऊन लागलेला माणूस, कित्येक आठवडे झोप उडालेली. यापलीकडे लिहायला माझ्याकडे पुरावा नाही, आणि पुराव्याशिवाय मी छापत नाही.

मी पुन्हा अग्रलेख वाचून दाखवतो, ती लाटणं थांबवून म्हणते, "नाही." पहिल्यांदा तिने तसं म्हटलं तेव्हा मी ते वाक्य आनंदाने खोडलं. दुसरंही खोडलं. या आठवड्यात माझा अग्रलेख फक्त चार ओळींचा उरला. वाचकांनी विचारलं, संपादकांची प्रकृती बरी आहे ना?

"साक्षीदार नाही म्हणून नाही म्हणतेस ना?" मी काल विचारलं.

"नाही."

"मग? भाषा चुकली?"

"नाही."

मी कप तिच्यापुढे केला. "चहा घेणार?"

"नाही," ती म्हणाली, आणि कप घेऊन शेवटच्या घोटापर्यंत प्यायली. माझ्याकडेच बघत होती. तिचा चेहरा शांत होता, सांगितलेलं काम नीट करणाऱ्या माणसाचा असतो तसा. ती थट्टा करते आहे, असं मी धरून चाललो आहे. पूर्वीही करायची.

आज प्रकाशा गावी तापीच्या पुलाची बातमी घ्यायला गेलो होतो. उन्हं उतरताना परतलो. दाराला आतून कडी होती. एरवी प्रमिला दिवसा कडी घालत नाही. मी दार वाजवलं. आत बांगड्या हलल्या, कोणीतरी चालत दाराशी आलं आणि पलीकडे उभं राहिलं. श्वास ऐकू येत होता. मी लाकडाला कान लावला, किती श्वास आहेत ते मोजायला, आणि लगेच काढून घेतला.

"कोण आहे?" मी विचारलं. आपल्याच घराच्या दाराबाहेर उभं राहून. "प्रमिला? तूच आहेस ना?"

"नाही," प्रमिला म्हणाली, आणि आतून कडी काढली.